शून्याचे दहा ठोके

२००३ सालची गोष्ट. घरच्या फोनची एसटीडी, म्हणजे परगावी फोन लावायची सोय, बंद करायचा अर्ज खिशात घालून मी दुपारी टेलिफोन ऑफिसला निघालो, तर बायकोने, शिवलीलाने, दारात अडवलं. एरवी ती मध्ये पडत नाही.

"असू दे की ती एसटीडी," ती म्हणाली. "भावजींनी एवढं विनवलंय."

"तुझ्या भावजींना अव्वाच्या मातीला याय जमलं न्हाय. आता फोन पायजे व्हय?"

तिने वाट सोडली.

भावजी म्हणजे माझा धाकटा भाऊ, मृत्युंजय. बंगळूरला असतो. अव्वाचा, आमच्या आईचा, सगळा जीव त्याच्यावर. तिचं दुखणंखुपणं मी काढलं, आणि दुपारी फोनवर तास-तास हसायची ती त्याच्याशी. माझ्या वाट्याला 'पाणी दे' एवढंच. शेवटी मी फोनच्या डायलला कुलूप घातलं. बिल फार येतं म्हणून सांगितलं. ते खोटं होतं. मला तिचं हसणं सोसत नव्हतं.

अव्वा कसली ऐकते! डायल फिरत नसली तरी रिसीव्हर ठेवायचं बटण टकटक दाबून नंबर लागतो, हे तिला कुणी शिकवलं देव जाणे. एकाला एक ठोका, शून्याला दहा. लांबच्या फोनला आधी शून्य. जप करावा तशी ती ठोके मोजायची. पण हात कापायचा, मोजणी चुकायची, फोन भलत्याच घरी लागायचा. दुपारी दुकान बंद ठेवून मी आतल्या खोलीत पडलेला असे. सगळं ऐकू यायचं. एकदाही उठून नंबर लावून दिला नाही. अशाच एका दुपारी ती खुर्चीत बसल्याजागी गेली. रिसीव्हर हातात होता.

तीन महिन्यांनी मृत्युंजयचा फोन आला.

"अण्णा... रोज दुपारी घरातनं फोन येतोय. अव्वा बोलतीया."

"डोकं फिरलंय तुझं."

"फिरू दे. तू फकस्त एसटीडी काढू नगं."

दुसऱ्या दिवशी शिवलीला दिवसभरासाठी माहेरी गेली होती. मी एकटाच पडलो होतो. सोप्यातून, बाहेरच्या खोलीतून, आवाज आला. टक, टक, टक... दहा. मग आठ. मग पुन्हा दहा. हा बंगळूरचा नंबर. एक ठोका चुकला नाही. विभूतीचा आणि तिच्या गुडघ्याला चोळायच्या तेलाचा वास घरभर झाला. मी सोप्यात गेलो. रिसीव्हर जागेवरच होता. उचलून कानाला लावला, तर ऊन लागला. आत कुणीतरी होतं, पण माझ्याशी बोललं नाही.

भीती वाटली, नाही कशाला म्हणू. पण त्याहून राग आला. मेल्यावरही त्यालाच?

म्हणून तो अर्ज. खिडकीतला कारकून म्हणाला, "उद्यापास्नं गावातलंच लागतील बघा, पावणं."

पुढचा आठवडा ठोके दहापर्यंत यायचे, थांबायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. दिवसभर. मला ऐकवेना. मी दुपारी घरी जाणं सोडलं आणि शाहूपुरीतल्या माझ्या कापडाच्या दुकानातच बसू लागलो. तिसऱ्या दुपारी दुकानातला फोन वाजला.

"मृत्युंजया... किती दिसांनी लागला रं फोन. जेवलास न्हवं?"

उभ्या जन्मात अव्वा माझ्याशी या आवाजात बोलली नव्हती. हा गावातलाच नंबर लागलाय, मी विरूपाक्ष, असं सांगायला तोंड उघडलं, आणि म्हणालो, "व्हय अव्वा. जेवलो."

आता रोज येतो फोन. ती हसते, मीही हसतो. मृत्युंजय झालो तर काय बिघडलं, असं वाटू लागलं होतं.

काल मात्र तिने आवाज अगदी खाली आणला.

"एक ऐक, बाळा... मी अजून घरातच हाय, हे विरूपाक्षला सांगू नगं. रोज रातच्याला त्येच्या उशाला जाऊन बसतोय मी... एकदा त्येला जाग याय पायजे बघ."