तिसऱ्या विमानाचं आवतन

बडनेरा रस्त्यावरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनात भगवंतरावांनी विमानघर उघडलं, तेव्हा अमरावतीतल्या शहाण्यांनी पोट धरून हसून घेतलं. सरकीच्या कोठारात विमानं मांडून लोकांना दाखवणारा माणूस उभ्या वऱ्हाडात दुसरा सापडला नसता, हे खरंच होतं. पण ती विमानं त्यांनी स्वतः बांधली होती. काळ्या जमिनीचा हा धनी आयुष्यभर सागाच्या पट्ट्या वाकवत आणि मांजरपाटाला खळ लावत बसला. तीन विमानं झाली आणि तिन्ही उडाली. त्यातली दोन विमानघरात उभी होती. तिसऱ्याच्या जागी नुसत्या दोन लाकडी घोड्या होत्या, पूर्वी त्याचे पंख टेकवायच्या.

तिसरं विमान त्यांचा मुलगा उत्तमराव घेऊन गेला. १९२७ च्या डिसेंबरात एका सकाळी तो अकोल्याकडे निघाला, एकटाच, आणि अकोल्याला पोचलाच नाही. मूर्तिजापूरच्या लोकांनी आवाज ऐकला होता. त्यापुढे ना कुणी काही ऐकलं, ना कापडाची चिंधी कुठं सापडली.

उत्तमरावाची बायको वच्छला ही विमानघराची खरी कारभारीण. प्रत्येक वस्तूपुढची पाटी तिच्या वळणदार अक्षरातली. अंगात येणं, उतारे टाकणं असल्या गोष्टींचा तिला भारी राग. नवस बोलणाऱ्या बायकांना ती तोंडावर सुनवायची. कुंकू मात्र रोज ठसठशीत लावायची, आणि रिकाम्या जागेपुढे 'हरवले' अशी पाटी लिहायला सासऱ्यांनी दोनदा सांगूनही तिनं लिहिली नव्हती. आता बारावं वर्ष चालू होतं. भटजींनी सांगून ठेवलं होतं, येत्या पितृपक्षात पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे उत्तमराव सुटला. त्याच दिवशी वच्छलाचं कुंकू पुसलं जाणार होतं. पोळा झाला की मध्ये पंधरा दिवस उरत होते, आणि ती आतून पार खचली होती.

पोळ्याच्या आदल्या दुपारी नत्थुजी हळद-तुपाची वाटी घेऊन आला. हा घरचा जुना गडी. बैलांचे खांदे चोळून झाले की तो दरवर्षी विमानांचेही चोळायचा. पंख जिथं धडाला जुळतात, तोच त्याच्या लेखी खांदा. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं तो विमानांनाही बैलांसारखंच म्हणायचा आणि वच्छला त्याची थट्टा करायची. यंदा तिनं केली नाही.

"नत्थुजी, तिसऱ्यालेही द्या."

म्हातारा थबकला. "जागा रिकामी हाय, बाई."

"म्हणूनच म्हणून राहिली."

नत्थुजीनं पुष्कळ वेळ वाटीत बोट फिरवलं. मग दोन्ही घोड्यांना हळद-तूप चोळलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दोघंबी या."

"दोघं कोण? ते तर एकलेच गेले होते."

"आवतन जोडीले असते. एकल्या बैलाले कोन देते?" धोतराला हात पुसत तो म्हणाला. "माह्या बापानंबी कधी नाही देल्लं."

म्हाताऱ्याशी कोण वाद घालणार, म्हणून तिनं सोडून दिलं.

पोळ्याच्या सकाळी विमानघरात एरंडेलाचा वास होता. इंजिनात घालायचं तेल ते, पण बारा वर्षांत त्याचा डबा कुणी उघडला नव्हता. वच्छलानं कोपरान् कोपरा हुंगून पाहिला. घोड्यांवरचं तूप गेलं होतं, लाकूड धुतल्यासारखं कोरडं. उंदीर, ती स्वतःशी म्हणाली. वासे चिमण्यांच्या घरट्यांनी भरलेले, पण एकही चिमणी नव्हती.

दुपारून भगवंतराव आणि नत्थुजी बैल घेऊन पोळ्याच्या तोरणाखाली गेले. आवारातल्या घरात सासू दुर्गाबाई पुरण वाटत होत्या. वच्छलानं विमानघराला बाहेरून कुलूप लावलं, आणि तेवढ्यात पश्चिमेकडून आवाज आला.

मोटार असेल. तिनं रस्त्याकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता.

आवाज वाढत गेला, अगदी डोक्यावर आला. आभाळ स्वच्छ होतं. तिथं काही नव्हतं.

मग तो थांबला, आणि कुलपाआड, जिनाच्या आत, लाकूड करकरलं. जड वजन टेकल्यासारखं.

तिनं कुलूप काढून दार ढकललं.

घोड्यांवर तिसरं विमान उभं होतं. कापड कोरं, खळीचा वास येत होता. पंखा अजून हळूहळू फिरत होता. मग राहिला.

"अहो," ती म्हणाली. बारा वर्षांत तिनं हा शब्द उच्चारला नव्हता. तिला रडू फुटलं.

चालकाची बैठक रिकामी होती. तिनं हात ठेवला. ऊबदार होती.

विमानापासून मागच्या दारापर्यंत चिखलाच्या बुटांचे ठसे उमटले होते, तिथून पुढे घराकडे. डाव्या टाचेचा बाहेरचा काठ झिजलेला. मोच्याकडे टाका म्हणून किती मागे लागली होती ती! ती धावलीच.

अंगणाशी तिचे पाय थबकले.

त्या ठशांच्या बाजूनं दुसरे ठसे चालले होते. तोच बूट, तेवढंच अंतर. त्याचीही डावी टाच तशीच झिजलेली.

दुर्गाबाईंची नजर या वयातही सुईत दोरा ओवायची. स्वयंपाकघरातून त्यांनी हाक मारली, आवाज अगदी हळू, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये असा.

"वच्छला, इकडं ये व. यातला आपला कोनता, मले समजून नाही राह्यलं."