‘तातेयामा’वरचा वास

मैझुरूचं आरमारी बंदर. ऑगस्ट. छत्रीच्या मुठीलासुद्धा घाम.

बटाटे साठ किलो, कांदे चाळीस.

नव्वद पोलादी झाकणं. प्रत्येकाखाली एक क्षेपणास्त्र.

लाल-पांढऱ्या दोरीची सुबक गाठ.

“ईऽऽ! मेलेला उंदीर, ओले मोजे आणि आंबलेला भात!”

हे शेवटचं गेन्ता ओरडला. ‘तातेयामा’ या विनाशिकेवर आज खलाशांच्या घरच्यांना प्रवेश होता. गेन्ता, त्याची धाकटी बहीण सुझु आणि त्याच्या वर्गातली चिगुसा, तिघंही अरुंद बोळात नाक दाबून उभी होती.

चिगुसाला नुसती किळस नव्हे, रडू येत होतं. तिचे बाबा या जहाजाचे मुख्य आचारी. हा वास त्यांच्याच करीचा, असं उपकप्तान कुरामोची साहेबांनी ठरवून टाकलं होतं. सोमवारी जहाज निघणार, ते बाबांना धक्क्यावर सोडून! सोळा वर्षं दर शुक्रवारी करी रांधणाऱ्या माणसाला! समुद्रावर सगळे दिवस सारखेच. खलाशांना वार कळायचा तो बाबांच्या करीमुळे.

“खिडकी उघडा ना कुणीतरी!” सुझु कळवळली.

“वेडे, ही विनाशिका आहे!” गेन्ता म्हणाला. “विषारी वायू शिरू नये म्हणून डब्यासारखी बंद! आतली हवा आतच फिरते.”

“म्हणजे वाससुद्धा,” चिगुसा पुटपुटली.

एवढ्यात नाकात कापूस कोंबलेला एक तरुण खलाशी आला.

“दादा, हा वास कधीपासून येतोय?” गेन्तानं विचारलं.

“बुधवारपासून! कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी बंद केले ना, त्याच संध्याकाळी सुरू झाला.”

“आणि करी शुक्रवारी!” चिगुसा उसळली. “बुधवारचा वास शुक्रवारच्या करीला कसा चिकटवता?”

हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं!

“कॉम्प्युटर बंद केले की आणखी काय बंद होतं?” तिनं विचारलं.

“त्यांची गार हवा. ती जिथून सोडतात, त्या पंखाखोलीत एरवी हुडहुडी भरते.”

“मग कुणीतरी त्या खोलीचा फ्रीज केलाय!” चिगुसा म्हणाली. “चला!”

खलाशानं दार उघडलं मात्र, सुझु किंचाळली. पंख्यामागे एक लाकडी पिंप होतं. फुगून झाकण वर आलेलं. फटीतून तपकिरी, चिकट पाणी गळत होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या! खलाशी तोंडावर हात दाबून पळाला.

गेन्तानं दोन बोटांनी वरचा कागद ओढून काढला. भेटीवर बांधतात तसली लाल-पांढरी दोरी, आणि सुरेख अक्षरात एक नाव.

जेवणघरात कप्तान तोगाशीबाई पाहुण्यांशी बोलत होत्या. चिगुसानं तो ओला कागद थेट त्यांच्यापुढे धरला.

“कुरामोची,” बाई नाव वाचून हळूच म्हणाल्या, “हे काय आहे?”

बाजूच्या कुरामोची साहेबांचा चेहरा पांढरा पडला. “भातात वर्षभर मुरवलेला तळ्यातला मासा, बाईसाहेब. मोठ्या साहेबांनी रिवाजाप्रमाणे उन्हाळ्याची भेट धाडली. मला तो घशाखाली उतरत नाही. पण त्यांची भेट टाकून कशी देणार?”

“आणि माझ्या बाबांना टाकून देता येतं?” चिगुसानं विचारलं.



“शेकडो किलोमीटरवरचं क्षेपणास्त्र टिपणारं जहाज म्हणे!” गेन्ता कुजबुजला. “आणि स्वतःच्या पोटातलं पिंप दिसत नाही!”

कप्तानबाईंना ते ऐकू गेलंच. त्या उठल्या आणि आचाऱ्यापुढे कमरेत वाकल्या. “होंजोसान, चूक आमची. सोमवारी तुम्ही बरोबर हवेत.” मग मुलांकडे वळल्या. “शाबास! माझ्या दोनशे माणसांनी नाकं दाबली. तुम्ही मात्र ती वापरलीत! आणि कुरामोची, पंखाखोली तुम्ही घासायची. एकट्यानं.”

“आणि कापूस न घालता!” सुझु म्हणाली.

बाबांनी तिघांना करी वाढली. कुरामोची साहेब “माफ कर हं, बाळ,” म्हणत जवळ आले, तशी चिगुसानं ताट उचललं आणि ती पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. अळ्यांची किळस तोवर गेली होती; साहेबांची मात्र नाही.

कागदात गुंडाळलेलं ते जड पिंप जुलैतल्या पहिल्या सोमवारी जहाजावर आलं, तेव्हा आत काय आहे ते न विचारता, शिडीवर कुरामोची साहेबांना हात द्यायला चिगुसाचे बाबाच धावले होते.