क्लेशपट्टी

मिरजेच्या आप्पा तारळेकरांच्या घरात एकवीस दिवस सुतक पाळल्यासारखी शांतता होती. टीव्हीवर चादर टाकलेली, आणि तंबोरे बनवण्याचं काम आप्पांनी मागच्या गल्लीत हलवलेलं. मेलं कुणीच नव्हतं. शर्वरीला दुःखी ठेवायचं होतं, एवढंच.

शर्वरी आप्पांची एकतीस वर्षांची मुलगी. चार वर्षांपूर्वी ती जिन्यावरून पडली आणि तिचं मानेखालचं अंग गेलं. सरकारी योजनेतून सुरेखाताई रोज आठ तास यायच्या, दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायच्या, म्हणून पाठीला जखमा होत नव्हत्या. आप्पा बहात्तरीचे. त्यांच्याच्यानं ती हलायची नाही.

पण हे आठ तास ठरायचे क्लेशपट्टीवर. कपाळाला बांधायची ही बोटभर रुंद पट्टी मेंदूतल्या लहरी वाचून माणूस किती सोसतोय ते शंभरांपैकी आकड्यात सांगायची. ज्याला बोलता येत नाही त्याचंही दुःख कळावं, म्हणून कुणा भल्या माणसानं ती शोधली. मग ती कचेरीच्या हाती पडली. आकडा साठच्या वर असेल तर आठ तास मदत, खाली असेल तर एक तास, असा नियम झाला. शरीराला काय लागतं हे कुणी विचारेना.

गेल्या तपासणीत नेमकं शर्वरीच्या आवडत्या मालिकेचं शीर्षकगीत सुरू झालं आणि आकडा एकसष्टपर्यंत घसरला. थोडक्यात निभावलं. तिला जगवलं होतं ते त्या रटाळ मालिकेनं, सुरेखाताईंबरोबर त्यातल्या सासूला शिव्या घालण्यानं, आणि आप्पांच्या तंबोऱ्यानं. तेच आता तिच्या मुळावर आलं होतं.

तपासनीस सबनीसबाई आल्या त्या हसतमुखानं. पट्टी बांधली. आकडा आला सत्तर. आप्पांचा जीव भांड्यात पडला.

"अर्धा तासच पट्टी ठेवायचीय, शर्वरी," बाई म्हणाल्या.

भिंतीशी गिऱ्हाइकानं न नेलेला एक तंबोरा उरला होता. बाईंनी सहज तार छेडली. आवाज बोदा आला.

"राहू द्या, बाई. जवारी गेलीय त्याची," आप्पा म्हणाले. "तारेखालचं सूत सरकलंय."

बाईंनी गंमत म्हणून पुन्हा छेडली. तिसऱ्यांदा छेडली तेव्हा मात्र आप्पांना राहवलं नाही. पन्नास वर्षांत त्यांनी बिघडलेली जवारी कानाआड केली नव्हती. ते पुढे झाले, घोडीवरचा धागा केसभर सरकवला आणि तार छेडली.

आवाज उघडला, घरभर पसरला.

"आप्पा!" शर्वरी ओरडली. तिनं डोळे गच्च मिटले, जिना आठवला, इस्पितळ आठवलं, मोडलेलं लग्न आठवलं. काही उपयोग झाला नाही. एकवीस दिवसांची तहानलेली होती बिचारी. आकडा अडतीसवर आला.

"अगंबाई! औषध घरातच आहे की!" बाईंचे डोळे खरोखर पाणावले. "अभिनंदन, शर्वरी."

"पण मला वळवणार कोण, बाई?"

"आकडा केव्हाच कचेरीत पोचला गं. माझ्या हातात काही नाही." त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "आता पट्टी काढू नका. सहा महिन्यांची सरासरी साठच्या वर गेली, तर आठ तास परत मिळतील."

पंधराव्या दिवशी पाठीला पहिली जखम झाली. शर्वरीला ती कळलीसुद्धा नाही. एका तासात सगळं उरकता उरकता सुरेखाताईंना दिसली, आणि त्या पदर तोंडाला लावून रडल्या. मन कितीही रिझवा, जखमेला तंबोरा ऐकू येत नाही.

त्या संध्याकाळी आप्पा खाटेशी बसले. तपासणीच्या दिवसापासून त्यांनी तंबोऱ्याला हात लावला नव्हता.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "सहा महिने दुःखात राहायला जमेल का गं तुला?"

"जमवीन," शर्वरी म्हणाली. पट्टीवर चौसष्ट होते.

तेवढ्यात भिंतीपलीकडे, शेजाऱ्यांच्या घरात, तिच्या मालिकेचं शीर्षकगीत सुरू झालं. शर्वरीनं ओठ दातांत धरला. त्रेसष्ट. साठ. सत्तावन्न.

"आप्पा," ती हुंदका देत म्हणाली, "त्यांना टीव्ही बंद करायला सांगाल का हो?"