खोल पोटाचं चेंबर

ज्यांना हे खोटं वाटेल, त्यांनी नारायणगावला जाऊन माझ्या भावाच्या उजव्या हाताची तर्जनी धरून बघावी.

मे महिन्यातही ती गार असते.

मी कुणाकडून ऐकलेलं सांगत नाही. मी तिथं होते.

२००३ साल. एप्रिल संपत आला होता. अशा गोष्टी रात्रीच घडतात, असं लोक म्हणतात. ही भर दुपारी घडली, पुणे-नाशिक हायवेच्या कडेला. टोमॅटोच्या गाड्यांचा आवाज जिथं दिवसभर थांबत नाही, तिथं.

आमचं गाव बोरी बुद्रुक. माझा मोठा भाऊ अमृत, त्याचं नारायणगावला गॅरेज होतं. मागं दोन खोल्या होत्या. मी कॉलेजला होते, म्हणून दादाकडंच राहायचे. स्वयंपाक माझ्याकडं.

त्या दिवसांत त्याच्याकडं बाळासाहेब नावाच्या माणसाची जीप आली. हा बाळासाहेब घोडेगाव ते डिंभे आणि तिथून वर डोंगरातल्या गावांना जीप चालवायचा. माणसं अक्षरशः कोंबायचा. तोंडाचा फटकळ. मला तो कधी नावानं बोललाच नाही. "ए पोरी, पाणी आण." बस्स.

"गाडी चढाला रडती," तो दादाला म्हणाला. "जत्रंच्या आधी हिला ताकद पायजे. जमत नसंल तर तसं सांग. मंचरला मिस्त्री लई पडलेत."

दादाला ते लागलं.

त्यानं त्या जीपच्या इंजिनात मोठ्या फेऱ्याचा क्रँक टाकायचं ठरवलं. क्रँक म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारा वाकडा दांडा. त्याचा फेरा मोठा झाला की पिस्टन जास्त लांब धावतो आणि गाडीला जोर येतो. आसपास कुणी हे केलं नव्हतं. दादाला करून दाखवायचं होतं.

क्रँक बसला. घोडं अडलं चेंबरवर.

चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाला बोल्टांनी आवळलेली लोखंडी परात. त्यात ऑइल साठतं. नवा क्रँक फिरला की जुन्या चेंबरला आतून घासत होता. खोल चेंबर लावावं, तर घाटात दगडाला आपटून फुटणार. उथळ लावावं, तर आतून ठोकर. दादानं एक चेंबर हातोड्यानं ठोकून वाढवलं, ते चिरलं. एक जोडून घेतलं, ते गळायला लागलं. ट्रकचं आणलं, ते बोल्टांनाच जुळेना.

बाळासाहेब रोज येऊन शिव्या घालून जायचा.

मग दादा मला मोटरसायकलवर मागं बसवून आळेफाट्याच्या रस्त्याला सावळेराम भंगारवाल्याकडं गेला. मला आळेफाट्याला मैत्रिणीकडून पुस्तकं आणायची होती.

सावळेरामच्या आवारात लोखंडाचे ढीग होते. पण कोपऱ्यात एक चेंबर वेगळंच पडलं होतं. पालथं. वर भलामोठा धोंडा ठेवलेला.

दादानं धोंडा ढकलला. चेंबर उचललं. टेपनं मापलं.

आणि हसला.

"वृषाली, हे बघ. जसं काय माझ्याच इंजिनासाठी बनवलंय."

सावळेराम पुढं आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"ते राहू दे, भाऊ."

"का? कुठल्या गाडीचं हाय?"

"गाडी न्हाई. डिंभ्याच्या धरणाचं पाणी उतरलं, तवा गाळात नुसतं हेच घावलं. आजूबाजूला गाडी न्हाई, इंजिन न्हाई. कायच न्हाई."

"मग मला दे की."

सावळेरामनं ढकललेल्या धोंड्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "न्यायचं तर ने. पर माघारी आणू नको. आणलंस तर मी गेट उघडणार न्हाई."

वाटेत मी ते चेंबर मांडीवर धरलं होतं. ऊन असं होतं की गाडीची सीट भाजत होती.

आणि ते चेंबर…

बर्फासारखं गार होतं.

मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, सावलीत होतं म्हणून. पण ते सावलीत नव्हतं. मी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दादानं माझ्याकडं घट्ट कणीक मागितली. आत किती जागा राहते ते बघायची त्याची ती रीत होती. इंजिन उलटं करून ठेवायचं. चेंबरच्या आत कणकेचे जाड थर चिकटवायचे. चेंबर लावून बोल्ट आवळायचे, क्रँक हातानं फिरवायचा. परत उघडलं की कणकेवर क्रँक कुठं दाबला गेला ते कळतं.

मी कणीक मळली. मीच आत थापली. दादानं क्रँक फिरवला.

कुठंच घासलं नाही.

चेंबर उघडलं. कणीक वरून गुळगुळीत होती. एकही खूण नाही. दादानं खुशीत माझ्या पाठीवर थाप मारली.

मी कणीक सोडवायला लागले. एक थर अख्खा निघाला. मी तो उलटा केला.

लोखंडाला चिकटलेल्या बाजूवर…

पाच बोटं उमटली होती.

तळहातासकट. खालून वर दाबलेली. लोखंडाच्या आतून कुणी हात लावावा तशी.

मी माझा हात त्यावर धरून बघितला. ती खूण माझ्या हातापेक्षा कितीतरी मोठी होती. दादानं त्याचा धरला. त्याच्याहीपेक्षा मोठी.

"तूच थापलीस ना?" तो म्हणाला.

"वरून थापली, दादा. खालून कशी थापीन?"

त्यानं कणकेचा गोळा केला आणि बाहेर फेकला. रस्त्यावरचं कुत्रं धावत आलं. वास घेतला.

आणि शेपूट घालून उलटं पळालं.

"दादा, हे लावू नको."

"मग काय लावू? सांग की!" तो पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला. "तो माणूस उद्या येऊन माझी इज्जत काढंल. मिस्त्री म्हणून तोंड दाखवायचं हाय मला हितं."

त्यानं ते चेंबर लावलं.

इंजिन जीपमध्ये चढवलं. ऑइल भरलं. गाडी गॅरेजमधल्या, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर उभी केली आणि सेल मारला. एका दमात चालू झाली. काय आवाज होता! दादाचा चेहरा फुलला.

मग ठोका ऐकू आला.

टक… टक… टक…

खालून.

दादानं लगेच इंजिन बंद केलं.

इंजिन थांबलं.

ठोका थांबला नाही.

टक… टक… टक…

कुणीतरी आतून बोटाच्या पेरानं दार वाजवावं, तसा.

दादा खड्ड्यात उतरला. मी काठावर वाकून उभी होते. त्यानं चेंबरवर हात ठेवला आणि झटकन मागं घेतला. वरचं इंजिन तापलेलं, आणि ते गारठलेलं.

मी सहज रस्त्याकडं पाहिलं. टोमॅटोच्या क्रेटनी भरलेला एक ट्रक जात होता.

जाताना दिसत होता…

पण आवाज नव्हता.

हायवेचा आवाजच नव्हता. पाखरू नाही, हॉर्न नाही. फक्त तो ठोका.

"दादा, वर ये!"

त्यानं ऐकलं नाही. ऑइल सोडायचा बोल्ट त्यानं पान्यानं ढिला केला. काढला.

ऑइल आलं नाही.

मग पाणी आलं. स्वच्छ, थंड पाणी. गाळाचा वास असलेलं. ते येतच राहिलं. चेंबरमध्ये मावेल त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. दादाच्या घोट्यापर्यंत पाणी चढलं, तरी थांबेना.

मग एकदम थांबलं.

आत काही अडकलंय का, हे बघायला दादानं त्या भोकात बोट घातलं. मिस्त्री लोक घालतात तसं. सवयीनं.

आणि त्याचा चेहरा बदलला.

"कुणीतरी धरलंय."

तो हळू आवाजात म्हणाला. मग ओरडला.

"धरलंय! वृषाली, ओढ! वृषाली!"

मी खड्ड्यात उडी मारली. त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरून ओढलं. पलीकडूनही ओढलं जात होतं. मला ते जाणवत होतं. जोरानं नाही, सावकाश. आपल्याला घाई नसल्यासारखं.

मी आईचं नाव घेतलं, देवाचं घेतलं. काही उपयोग झाला नाही.

मग पलीकडच्यानंच स्वतःहून सोडलं.

आम्ही दोघं मागं आपटलो. हायवेचा आवाज एकदम कानात शिरला. दादाचं बोट पांढरंफटक झालं होतं. सुरकुतलेलं, फुगलेलं, कातडी सुटायला आलेली. कितीतरी दिवस पाण्यात राहिल्यासारखं. ते आत गेलं होतं फक्त क्षणभर.

डॉक्टरांनी विचारलं, हे कशानं झालं? आम्ही ॲसिड म्हणून सांगितलं.

दादा त्या गाडीला परत शिवला नाही. सकाळी बाळासाहेब आला. दादानं हात जोडले.

"बाळासाहेब, ही गाडी नेऊ नका. दुसरं चेंबर लावून देतो. चार दिवस द्या."

"काय झालं हिला?"

"आत… काहीतरी हाय."

बाळासाहेबानं खाली वाकून पाहिलं. खड्डा कोरडा होता. बोल्ट जागेवर होता. तो कुणी लावला, ते मला माहीत नाही. ऑइलची पट्टी काढली. ऑइल बरोब्बर खुणेवर, मधासारखं स्वच्छ. सेल मारला. ठोका नाही, काही नाही.

"नाटकं करतो का रे?" त्यानं दादाची कॉलर धरली. "मला भुताच्या गोष्टी सांगतो?"

"निदान माणसं तरी बसवू नका हिच्यात," मी मधे पडले.

"तू गप ए पोरी! तुला कुणी विचारलं?"

त्यानं दादाला ढकललं आणि गाडी काढली. जाताना तिचा जोर बघून तो हसत होता.

दादा पायरीवर बसून राहिला. मग उठला. "घोडेगावला तो शिटा भरणार. चल."

पट्टी बांधलेला हात घेऊन त्यानं मोटरसायकल काढली. मंचर, मग घोडेगाव. स्टँडवर विचारलं, तर लोक म्हणाले, बाळासाहेब थांबलाच नाही. माणसं हात करत होती. हा सरळ निघून गेला.

"लई जोरात व्हता," एकजण म्हणाला. "खिडकीतनं सारखा खाली बघत व्हता."

डिंभ्याच्या पुढं, जिथं रस्ता पाण्याच्या कडेनं जातो, तिथं जीप दिसली. रस्त्याच्या मधोमध. दारं सताड उघडी. बाळासाहेब लांब एका दगडावर बसला होता. त्यानं आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

दादा गाडीखाली वाकला. बराच वेळ तसाच राहिला. मग मला म्हणाला, "तू बघ. मला खरं वाटंना."

मी पाहिलं.

चेंबर नव्हतं.

वरचा क्रँक उघडा दिसत होता. पण बोल्ट… सगळे बोल्ट जागेवर होते. घट्ट आवळलेले. पॅकिंगसुद्धा तसंच. फुटलं असतं तर तुकडे पडले असते. रस्त्यावर ऑइलचा एक थेंब नव्हता.

धुळीत फक्त एक रुंद खूण होती. काहीतरी जड फरफटत गेल्याची. गाडीखालून निघून उतारावरून थेट पाण्यापर्यंत. तिच्या दोन्ही बाजूंना तळहात उमटले होते.

पायांचे ठसे नव्हते.

बाळासाहेबाला आम्ही घरी पोचवलं. नंतर मात्र तालुकाभर सांगत सुटला की अमृतनं बोल्ट ढिले ठेवले, गिऱ्हाईकाच्या जिवावर उठला. दादाकडं काम येणं बंद झालं. त्यानं कधी उलट उत्तर दिलं नाही. वर्षभरात गॅरेज बंद केलं आणि ठिबकच्या पाइपांचं दुकान टाकलं.

मला मात्र ते सहन व्हायचं नाही.

पुढं दोन-तीन वर्षांनी घोडेगावच्या एसटी स्टँडवर तो मला दिसला. सकाळची वेळ, भरपूर गर्दी. खूप म्हातारा झाल्यासारखा दिसत होता. मी सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"ओळखलंत का? अमृत मिस्त्रीची बहीण. माझ्या भावाला कशापायी बदनाम केलंत?"

त्याच्या डोळ्यांत तोच जुना राग आला.

"तुज्या भावानं माज्या गाडीखाली काय बांधून दिलं व्हतं, ते मला ठावं हाय. घोडेगाव सोडायच्या आधीपास्नं ते खालनं हाका मारत व्हतं. सारखं. पाण्याजवळ येईस्तवर."

"तुम्हाला हाका मारत होतं?"

"मला न्हाई. बाईचं नाव घेत व्हतं कुठल्या तरी. मी म्हणलं, माज्या घरात त्या नावाचं कुणी न्हाई. तरी थांबंना."

मी आणखी जवळ सरकले.

"कुठलं नाव?"

तो उत्तर देणार, तेवढ्यात मागून माझ्या मैत्रिणीनं हाक मारली. "वृषाली, चल, गाडी लागली!"

बाळासाहेबानं माझ्याकडं पाहिलं.

मघाचा राग त्याच्या तोंडावरून पुसला गेला. तो एकेक पाऊल मागं सरकला. मग वळला आणि गर्दीत घुसला. चप्पल पायातून निसटली, ती घ्यायलाही थांबला नाही.

मी त्या एसटीत चढले नाही. आम्ही डिंभ्यालाच निघालो होतो.

त्यानंतर मी तिकडं कधीच गेले नाही. आता लग्न होऊन लांब राहते. दादाला हे मी अजून सांगितलेलं नाही.

गाडीखालून मला हाक मारणारा तो आवाज बाईचा होता की बाप्याचा, हे मला आजही माहीत नाही.

आणि माहीत करून घ्यायचंही नाही.