दुसरं फर्मान

माद्रिदहून निघालेलं राजाचं पत्र सांता रोसालियाच्या डोंगरात पोचायला चौदा महिने लागत. आधी जहाज, मग नदी, मग खेचरं. तोवर ज्या भांडणावर हुकूम यायचा ते भांडण मिटलेलं असे, कधी भांडणारेही गेलेले असत. म्हणून गव्हर्नर दॉन फाद्रिके न पटलेलं फर्मान चुंबून डोक्यावर धरत आणि शांतपणे म्हणत, "शिरसावंद्य. अंमल मात्र नाही." मग चिटणीस मेल्चोर तसा खुलासा लिहून माद्रिदला धाडी. यात बेअदबी कसली, ती पळवाट राजानंच ठेवलेली. फक्त तोच हुकूम दुसऱ्यांदा आला की निमूट पाळायचा, नाहीतर गव्हर्नरचंच मुंडकं जायचं. मेल्चोरच्या तीस वर्षांच्या नोकरीत दुसऱ्यांदा काहीच आलं नव्हतं.

संत लूकच्या सणादिवशी सकाळी टपालाची पेटी आली. तिच्या कातड्याला नदीच्या चिखलाचा कुबट वास येत होता. मेल्चोरनं वरचं पत्र फोडलं. चिटणीस मेल्चोर संत लूकच्या दिवशी मरण पावला असल्यानं त्याची जागा मदतनीस गास्पारला द्यावी, असा हुकूम होता. पत्राची तारीख चौदा महिन्यांपूर्वीची होती. मृत्यूची आजची.

गास्पार बिचारा शपथा घेऊ लागला, आपण अर्जबिर्ज काही केला नाही म्हणून. चॉकलेट पिता पिता दॉन फाद्रिके मात्र खो खो हसले. "अरे, मला त्यांनी दोनदा मारलंय. बायकोला सांत्वनाचं पत्र आलं होतं, ते तिनं जपून ठेवलंय. पुढेमागे लागेल म्हणाली."

मेल्चोरला हसू आलं नाही. तो मनातून पार घाबरला होता. लेकीचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलं होतं, आणि त्याला जगायचं होतं. "सरकार, तेवढं म्हणून टाका," तो काकुळतीला आला.

दॉन फाद्रिकेंनी पत्र डोक्यावर धरलं. "शिरसावंद्य. अंमल मात्र नाही."

मेल्चोरच्या जिवात जीव आला. त्यानं लगोलग खुलासा लिहिला की चिटणीस हयात आहे आणि हे अक्षर त्याचंच. घाईत कोपऱ्यावर शाईचा डाग पडला, पण दुसरा कागद घ्यायला तो थांबला नाही.

गास्पार पेटीचा तळ चाचपत होता. "आणखी एक आहे," तो म्हणाला.

तीच मोहर, तीच चौदा महिन्यांपूर्वीची तारीख. 'तुमचा खुलासा पोचला. कोपऱ्यावर शाई सांडली असली तरी वाचता आला. चिटणीस हयात असल्याचं कळलं. तरी मूळ हुकूम मृत्यूच्या तारखेसकट पाळावा. मी, राजा.'

मेल्चोरनं आपल्या कागदाकडे पाहिलं. डाग अजून ओला होता.

दॉन फाद्रिकेंनी पत्र उचललं, चुंबलं, डोक्यावर धरलं. मेल्चोर त्यांच्या ओठांकडे बघत राहिला.

"शिरसावंद्य," ते म्हणाले.

पुढचं वाक्य आलंच नाही.

"सरकार, मी इथं उभा आहे."

"दिसतोयस रे." त्यांचे डोळे भरून आले. "पण मलाही मान एकच आहे."

त्यांनी खूण केली तसं पहारेकऱ्यानं दार लावून घेतलं. बाहेर सणाचे ढोल वाजत होते.

अंमल झाल्याची नोंद करायला त्यांनी गास्पारला सांगितलं. गास्पार रडत होता, त्याच्यानं लेखणी उचलवेना. शेवटी मेल्चोरच सवयीनं बसला. गाव, दिवस, राजाचं नाव, स्वतःचं नाव, सगळं त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि तो थांबला.

"वेळ?" त्यानं विचारलं.

दॉन फाद्रिकेंनी खिडकीतून उन्हाकडे पाहिलं.

"जागा मोकळी ठेव," ते हलकेच म्हणाले. "दिवस अजून बराच आहे."