पुतळाबाईंचा डिस्चार्ज

गोदावरीनं नोकरीच्या पहिल्याच सकाळी ज्याच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला, तो पेशंट नव्हता. चूक अगदी तिचीच म्हणता येणार नाही. बेडवर कुणीतरी डोक्यापर्यंत चादर ओढून झोपलं होतं, आणि हॉस्पिटलात बेडवर झोपलेल्याला पेशंट समजण्याची पद्धत आहे.

पट्टा गुंडाळून झाल्यावर तिला आठवलं की आधी नाव विचारायचं असतं.

"नाव सांगा."

"कारभारी," चादर म्हणाली.

"वय?"

"सत्तावीस."

गोदावरीनं केसपेपर पाहिला. पुतळाबाई, वय बाहत्तर, न्यूमोनिया.

चादर खाली आली. आत मिशा होत्या, आणि मिशांच्या वर दोन झोपाळू डोळे... ते तिच्यावर पडले आणि एकदम जागे झाले.

"किती आलं, सिस्टर?"

"जरा जास्तच आहे."

"आत्ताच वाढलं."

खरी पेशंट शेजारच्या स्टुलावर बसली होती. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हातानं पदराचा वारा नातवाला. "रातपाळी करून आलंय शेंद्र्याच्या कंपनीतनं," पुतळाबाई म्हणाल्या. "पडू दे घटकाभर. मला काय, दिवसभर पडायचंच हाय."

गोदावरी पैठणची. हॉस्पिटलानं नव्या पदवीधर नर्सेससाठी वर्षभराचा कार्यक्रम काढला होता, त्यात तिची निवड झालेली. आळीपाळीनं सगळ्या वॉर्डांत काम, पाठीशी एक जुनी सिस्टर, आणि वर्ष नीट पार पडलं तर कायमची नोकरी. तिच्या पाठीशी आशा सिस्टर होत्या. त्यांनी एक नियम बजावून सांगितला: पेशंट ॲडमिट आहे तोवर त्याच्या नातेवाइकांबरोबर चहा नाही, फोन नंबर नाही. मागच्या तुकडीतली एक मुलगी यावरूनच घरी गेली. तिचं पुढं लग्न फार चांगलं झालं, हेही आशा सिस्टर प्रामाणिकपणे सांगत; पण नोकरी गेली ती गेलीच.

कारभारी मात्र रोज येत राहिला. आजीसाठी गावाकडून, पाचोडहून आलेली भाकरी, आणि सिस्टरसाठी काहीतरी शंका. सलाईन जरा हळू नाही का पडत? आज जरा लवकर नाही का संपलं? एकदा औषधांचा ट्रे घेताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली, आणि दोघांनीही ट्रेची माफी मागितली.

"खाली कँटीनला चहा बरा मिळतो म्हणे," तो म्हणाला.

"आजी ॲडमिट आहेत."

"ती चहा पीतच नाय."

"तुम्हाला कळलंय मी काय म्हणतेय."

"मग... डिस्चार्ज झाल्यावर?"

गोदावरी थर्मामीटर निरखत राहिली. ते अजून कुणाला लावलंच नव्हतं. "बघू—"

त्या एका 'बघू'वर कारभारी शेंद्र्यापर्यंत हसत गेला.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिला, आणि पुतळाबाईंनी कंबर धरली. मग डोकं धरलं. सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या, तरी म्हातारी हलेना. जन्मभर मेंढरं राखलेली बाई ती. नवी मेंढी कळपात रुळवायची तर चार दिवस एकाच कुंपणात ठेवावं लागतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी आशा सिस्टरांनी गोदावरीला बाजूला घेतलं. "ही बाई जात का नाही? तू त्यांच्या घरच्या कुणाशी काही बोललीस का? तसं असलं तर मला वर लिहून कळवावं लागेल."

गोदावरी तडक बेडपाशी गेली. पडदा ओढला. कारभारी स्टुलावर होता. त्याच्याकडं न बघता तिनं म्हातारीचं मनगट हातात घेतलं.

"आजी, खरं सांगा. कुठं दुखतंय?"

"समदीकडं."

"आजी..."

"बरं, कुठंच नाय. पण मी गेले, तर तुमी दोघं बोलणार कुठं? हे येडं तर मशिनीसंगबी बोलत नाय."

"तुम्ही इथं आहात म्हणूनच बोलता येत नाही. नियम आहे. माझी नोकरी जाईल. तुम्ही घरी गेलात, तर—"

"तर काय?"

"तर मी यांच्याबरोबर चहा घेईन." ती हे सगळं त्या मनगटाला सांगत होती. "आणि... जन्मभर घ्यावा लागला, तरी माझी ना नाही."

कारभारी उठला. पुन्हा बसला.

"आदी सांगायचं की गं," पुतळाबाई चपला शोधत म्हणाल्या. "इथली बिनमिठाची भाजी खाल्ली मी तुमच्यापायी."

संध्याकाळी कागद झाले. वॉर्डाच्या दारात आशा सिस्टरांनी विचारलं, "आजी, आता बरं वाटतंय?"

"म्या ठणठणीत. ह्याचं मातर काय खरं नाय."

"मग यांनाही दाखवून घेऊ."

"नगं बाई. ॲडमिट केलं त्याला, तर पुन्हा चहा ऱ्हायचा."

आशा सिस्टरांनी आधी मिशांकडं पाहिलं, मग गोदावरीकडं. ती कानापर्यंत लाल झाली होती.

"बेडची चादर बदल," त्या म्हणाल्या, "आणि जा. कँटीन लवकर बंद होतं."