मागे कोणी नाही

“मागे कोणी नाही, असं जो म्हणाला तो खोटं बोलला. वळून बघितलंसुद्धा नव्हतं त्याने. बोलला, आणि हात झटकून मोकळा झाला.”

सहलीतल्या सायकली दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी हे कोणाकडेही न बघता म्हटलं. त्यांच्यासमोर एक सायकल उलटी उभी होती. बोटाने चाक फिरवायचं, कुठे डुगडुगतंय ते बघायचं, तिथला स्पोक आवळायचा, पुन्हा फिरवायचं. मुक्कामाच्या शाळेतल्या त्या वर्गात बाकं भिंतीला रचून ठेवली होती आणि जमिनीवर सगळ्यांची अंथरुणं पडली होती. वीज गेलेली. खिडकीच्या गजाला कोणीतरी सायकलचा दिवा टांगला होता, तेवढाच उजेड.

भिंतीला टेकून बसलेला शेपूट ताठ झाला.

सायकल सहलीत सगळ्यात मागे राहतो तो शेपूट. सायकल मंडळाची जुनी पद्धत. हसायला बरी, पण काम जोखमीचं. पिवळं जाकीट घालायचं आणि कोणाच्याही पुढे जायचं नाही. कोणाचं चाक पंक्चर होवो, कोणाच्या पोटरीत गोळा येवो, शेपटाने थांबायचं. चढावर कोणी दमलं, तर त्याच्या पाठीला हात लावून वर रेटायचं. आणि मुक्कामी पोचल्यावर फाटकाशी सांगायचं, “मागे कोणी नाही.” त्या शब्दावर पहारेकरी रात्री कुलूप घालायचा.

आज संध्याकाळी त्याने ते शब्द सांगितले होते. अगदी खणखणीत.

फक्त शेवटच्या टप्प्याला तो सायकलवर नव्हताच. त्या टप्प्याला सगळे ‘लाटा’ म्हणत, कारण शेतांमधून जाणारा तो रस्ता एक चढ, एक उतार, पुन्हा चढ, असा नुसता हेलकावत जातो. फाट्यावर सामानाचा टेम्पो भेटला, गुडघा ठणकत होता, आणि टेम्पो सरळ रस्त्याने येणार होता. फाटकाच्या अलीकडे उतरून त्याने बाटलीतलं पाणी तोंडावर मारून घेतलं होतं. घाम दिसावा म्हणून.

“मिस्त्रीकाका, कोण बोललं खोटं?” घंटीने विचारलं. सारखी वाजत असते म्हणून ती घंटी.

“ते जाऊ दे. बोलणारा कधी पुढे येत नसतो. पण पुढचं माझ्या साडूवर बेतलेलं आहे. ऐकणार का?”

“साडूचं कोण खरं धरतं, काका?”

“माझी मेहुणी धरते. मग मला धरावंच लागतं.” हशा पिकला. मिस्त्री हसले नाहीत. “आणि साडू चष्मेवाला आहे. जन्म गेला लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढण्यात. त्याला भास झाला असं म्हणायची सोय नाही.”

त्यांनी पाना खाली ठेवला.

“याच सहलीत एका वर्षी एक पोरगा मागे राहिला. नवखा होता. चढावर दमला, पाठीला हात लावायला कोणी नाही. कसाबसा वर आला आणि उतारावर, रस्त्याखालच्या शेवटच्या मोरीशी, कठड्यावरून गेला खाली. इकडे फाटकाशी सांगून झालं होतं, मागे कोणी नाही. कुलूप लागलं. सगळे जेवले, गाणी म्हटली, झोपले. पोरगा सकाळी सापडला.”

“जिवंत?” कोणीतरी विचारलं.

मिस्त्रींनी चाकावर तळवा ठेवून ते थांबवलं.

शेपटाची नजर दाराजवळच्या अंथरुणावर गेली. निवांतचं अंथरूण. सगळ्यात सावकाश चालवणारा गडी. चादरीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. ‘निवांतला संध्याकाळपासून पाहिलं का आपण?’ त्याला आठवेना.

“पुढच्या वर्षी शेपूट व्हायला कोणी तयार होईना. साडू म्हणाला, मी होतो. नोव्हेंबरातला दुसरा शनिवार, अमावस्येची आदली रात्र. एका बाईंचं चाक पंक्चर झालं होतं. साडूने ते काढून दिलं, त्यांना पुढे घातलं. त्या दामटत निघून गेल्या. थोड्या वेळाने फाटकावरून फोन आला, सगळे पोचले, तूच राहिलायस, ये लवकर, आमटी गार होतेय. साडू खुशीत. शीळ घालत निघाला. पहिली लाट चढला, दुसरी चढला. पाणी प्यायला थांबला आणि सहज मागे बघितलं.”

“दिवा,” घंटी हळूच म्हणाली.

“मागच्या लाटेवर. सायकलचाच. थरथरतो ना, तसा. साडूला वाटलं, मोजणाऱ्याची चूक झाली. शेपटाच्या मागे माणूस? तो थांबला. दिवाही थांबला. हाक मारली. काही नाही. साडू उतार उतरला, पुढचा चढ चढला, वळून बघितलं. दिवा पुन्हा मागच्या लाटेवर. ना जवळ, ना लांब. तो थांबला की थांबायचा.”

“मग?”

“मग एका लाटेला दिवा नव्हता.”

खिडकीतला उजेड जरासा हलला. वाऱ्याने असेल.

“बरं वाटलं त्याला. खाली उतरला, आणि आवाज आला. पायडल थांबवलं की मागच्या चाकातून येते ना, टिकटिक, ती. कधी येते ती?”

“उतारावर,” शेपटाच्या तोंडून गेलं.

“उतारावर. चढाला पायडल कोण थांबवेल? साडू चढ चढत होता. मान खाली घालून, धापा टाकत. आणि मागून टिकटिक… चढ चढत होती. सावकाश. पायडल न मारता.”

दाराजवळ बसलेले दोघे आत सरकले.

“त्याने वळून बघितलं नाही. नंतर मला म्हणाला, भाऊ, मान वळेचना. तेवढ्यात सायकल हलकी झाली. पाठीला हात लागला होता. आपण लावतो ना एकमेकांना, तसाच. पसरलेला. गार. जाकिटातून लागत होता. रेटत होता वर. सोपं झालं सगळं. चढ संपला… हात निघाला नाही.”

मिस्त्री थांबले. शेजारच्या भांड्यातून पाण्याचा घोट घेतला. भांडं खाली ठेवलं.

“उतार लागला. हात तिथेच. रेटतोय. पुढे मोरी. साडूने ब्रेक दाबले. रबर करपल्याचा वास आला. हात… रेटतोय. मोरीचा कठडा दिसला. पांढरा. हात…”

“काका, नको,” घंटी म्हणाली.

“साडू ओरडला. काय ओरडावं ते सुचलं नाही, म्हणून जे शेपूट रोज म्हणतो तेच ओरडला. ‘तू पुढे हो! मी आहे मागे!’”

घंटीने चादर गळ्यापर्यंत ओढली.

“हात सुटला. टिकटिक त्याच्या बाजूने पुढे गेली. मोरीपर्यंत. आणि तिथे… थांबली.”

मिस्त्रींनी एक स्पोक बोटाने चाचपला.

“फाटकाशी सगळ्यांनी विचारलं, काय रे, मागे कोणी? साडू बोलेना. कुलूप घालू देईना. पहाटेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिला. घरी गेल्यावर मेहुणीने जाकीट धुवायला काढलं. पाठीवर चिखलाचा हात होता. महिनाभर पावसाचा थेंब नाही, मोरी कोरडी. आणि बाहेरून काहीच नव्हतं. डाग आतल्या बाजूला होता.”

“ते जाकीट कुठे आहे?”

“मंडळाकडे एकच आहे,” मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी पाना उचलला.

सगळ्यांच्या नजरा शेपटाकडे वळल्या. ते जाकीट त्याच्या अंगात होतं. उलटून बघायला हवं होतं. त्याचे हात उठले नाहीत.

“निवांत कुठे आहे?” तो एकदम म्हणाला. “संध्याकाळी कोणी बघितलंय त्याला? कोणी तरी सांगा ना!”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

“मी लाटांवरून आलोच नाही.” त्याने जाकिटाची कड मुठीत धरली. “टेम्पोतून आलो. फाट्यावरून. मागे कोण होतं, कोण नव्हतं, मला माहीत नाही. मी नुसतं बोललो.”

मिस्त्रींनी त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. घंटी उठून बूट शोधायला लागली. शेपूट दाराकडे निघाला, आणि दार बाहेरूनच उघडलं.

दारात खांद्यावर पंचा, तोंडात दात घासायचा ब्रश, असा निवांत.

“काय झालं? मेलं का कोण?”

“कधी आलास तू?”

“मी? तुम्ही सगळे गिळत होतात तेव्हापासून इथे आहे. विहिरीवर निवांत आंघोळ केली. का?”

वर्गभर एकच श्वास सुटला. घंटीने त्याला उशी फेकून मारली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. शेपूट तिथेच उंबऱ्याशी बसला, हसायला लागला. अंथरुणांवरून नजर फिरवली. सगळे होते. एकूण एक.

“सगळे आहेत, काका.”

“आहेत,” मिस्त्री म्हणाले. “पण ते तुला आत्ता कळलं.”

बाहेर किल्ल्यांचा आवाज आला. पहारेकरी कंदील धरून पायऱ्यांशी उभा होता. तो दिवसभर फाटकावरच, गोष्टीतलं एक अक्षरही त्याच्या कानावर गेलेलं नव्हतं. त्याने डोकं खाजवलं.

“पिवळे जाकीटवाले, कुलूप घालू का नको ते सांगा बुवा. मागे कोणी नाही म्हणालात तुम्ही, पण पलीकडच्या चढावर सायकलचा दिवा दिसतोय. मघापासून तिथेच थांबलाय. कोणाची वाट बघतोय हो तो?”